बाकीचे चार

आमच्याकडे सणावाराला माणसं जमली, जेवणं आटोपली आणि सगळे सुपारी कातरत बसले की कोणीतरी म्हणतंच, "दादा, मालकांची गोष्ट सांगा." मी गोष्टी बऱ्या सांगतो असा आमच्या घरात समज आहे. तो मीच पसरवलेला आहे. मी अडकित्ता हातात घेतो, कंडक्टरच्या चिमट्यासारखा टक टक वाजवतो आणि मालकांचा आवाज काढतो. भाचरं हसून लोळतात. मग एका ठरावीक जागी आलो की मी अडकित्ता खाली ठेवतो आणि म्हणतो, "झालं. चहा टाका."

लेक लहान असताना विचारायची, "मग पुढे?"

"पुढे काय? राहिलो भाड्याने."

आता ती मोठी झाली आहे, विचारत नाही. तिला वाटतं गोष्ट तिथेच संपते. म्हणून हे लिहायला बसलो.

महाडला बदली झाली तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो. हायस्कूलला मराठी शिकवायचो आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता. एस.टी. आगाराच्या मागे एका आळीत खोली आहे असं कळलं, म्हणून बायकोला घेऊन बघायला गेलो. मालक ओट्यावर बसले होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली असतील, पण अंगात खाकी शर्ट तोच. हातात तिकिटं टोचायचा जुना चिमटा होता. बोलायच्या आधी तो दोनदा वाजवायचा, जणू पुढे सरका म्हणताहेत.

"खोली पसंत हाय?" टक टक.

"आहे."

"मंग हे वाचा." ते वरच्या मजल्यावर राहायचे, तिथून एक जाडजूड पुस्तक आणून त्यांनी माझ्या हातात दिलं. "वाचून झाला का वहीत अभिप्राय लिवायचा. मंग किल्ली."

बायको माझ्याकडे बघायला लागली. "अहो, आणि सामान? टेम्पो उद्या येणारे."

"टेम्पो परवा बोलवा, वैनी. पुस्तक दोन दिसाचा हाय."

मालक पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कुडपणच्या बाजूच्या एका वाडीतले. जन्म गेला आंबेनळी घाटात, महाबळेश्वरच्या गाडीवर तिकिटं फाडण्यात. एकदा कोणी प्रवासी सीटवर हे पुस्तक विसरून उतरला. मालकांनी ते आगारात जमा केलं, पण न्यायला कोणी आलं नाही, तेव्हा स्वतःकडे ठेवलं. सातवीनंतर वाचलेलं पहिलं पुस्तक हेच, आणि त्यानंतर दुसरं वाचलं नाही. हेच पुन्हा पुन्हा.

पुस्तकाचं नाव इथे घालत नाही. इंग्रजीतून मराठीत आलेली नामांकित कादंबरी आहे. तिला माझ्या लाजेत कशाला ओढायचं? गोष्ट थोडक्यात अशी, की कोकणात नवा आलेला एक तरुण साहेब एका पंतोजींकडून मराठी शिकतो. दोघांची दाट मैत्री होते. पुढे पंतोजींच्या पुतण्याला शिक्षा देणाऱ्या हुकुमावर साहेबाला सही करावी लागते आणि ती मैत्री मोडते. मधे एक प्रसंग आहे. साहेबाला ताप भरतो, त्याला थंड हवेसाठी घाटावर न्यायचं ठरतं. चार माणसं खुर्चीला बांबू बांधून त्याला खांद्यावर घेतात. पंतोजी शेजारून चालतात, आणि घाटभर त्या दोघांची चर्चा चालते ती माणसामाणसांतल्या समानतेची. या चर्चेवर आजवर पुष्कळ लिहून आलं आहे. कादंबरीचं काळीज म्हणतात तिला.

वही म्हणजे लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची. खोलीत राहून गेलेल्या प्रत्येक भाडेकरूने तिच्यात अभिप्राय लिहिलेला. कोर्टातल्या बेलिफाने लिहिलं होतं, 'हुकुमावर सही करण्यापूर्वी नोटीस बजावलेली दिसत नाही.' कारखान्यातल्या एका केमिस्टने एकच ओळ, 'छान आहे, पण मोठी आहे.' एका नवविवाहित जोडप्यातल्या बाईंनी लिहिलं होतं, 'साहेबाची मेम फारच सोशीक.' खाली नवऱ्याचं अक्षर, 'सहमत.' मालक प्रत्येक अभिप्राय वाचायचे आणि पटला तर पानाच्या कोपऱ्याला चिमट्याने भोक पाडायचे. तिकीट पास झालं. सबंध वहीत अशी भोकं दोनच होती. एक बोअरवेलच्या गाडीवरच्या माणसाचं, 'साहेब अंगाने किती होता ते लेखकाने सांगायला पाहिजे होते.' दुसरं सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंचं, 'एवढ्या तापात माणसाला बसवून नेऊ नये, चढावर मान मागे जाते, नेणाऱ्यांनाही जड जाते.'

आता मी पडलो मराठीचा मास्तर. दोन पानं लिहिली. त्यात 'वसाहतवादी मानसिकता' होती, 'द्वंद्व' होतं, 'मैत्रीच्या मर्यादांचा वेध' होता. मालकांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. मग माझ्याकडचं पुस्तक घेतलं, सुरुवातीची पानं उघडली आणि प्रस्तावनेवर बोट ठेवलं.

"मास्तर, ह्ये तर हितं आधीच छापलंय."

बायको पदराआड हसली. मी म्हटलं, "विचार सारखे असू शकतात."

"असतील की." टक टक. "सोल्पविराम पन सारकेच?"

किल्ली दिली त्यांनी. भोक मात्र पाडलं नाही. वर्षभर जाता येता विचारायचे, "मास्तर, बाकीचे चार कुठं हायत?" पहिल्यांदा मला कळलंच नाही. मग त्यांनी ओट्यावर बसवून समजावलं. "खुर्चीची डोली चार खांद्यांची. चौघं एकदम खांद्याला. घाट चढायचा म्हंजी पाच-सा ठिकानी खांदा बदलाया लागतो. चौघं खांद्याला, चौघं मोकळे. आठ मान्सं लागतात. लेखकानं चारच लिवलेत. मंग बाकीचे चार गेले कुठं? चौघांची नावं नाय लिवली, ती गोष्ट येगली. पन चार तर पुस्तकातच नाय आले!"

"मालक, ती गौण पात्रं आहेत."

"गौन म्हंजी?"

"म्हणजे… महत्त्वाची नाहीत."

"त्यांनी खांदा काढला तर साहेब कुठं जाईल?" टक टक. "दरीत."

घरच्या मैफलीत मी गोष्ट सांगतो ती इथपर्यंत. 'दरीत' म्हटलं की अडकित्ता खाली, चहा टाका.

पुढचं असं आहे.

माझं गावही मालकांच्या वाडीपासून फार लांब नाही. मधे एक खिंड. डोंगरमाथ्यावर पंचवीसेक घरांची वाडी, नाचणी, वरी आणि गुरं. मी दहाव्या वर्षी शाळेसाठी खाली महाडला मावशीकडे आलो तो खालचाच झालो. आई लवकर गेली. बाबा वर एकटेच राहायचे. चला म्हटलं की म्हणायचे, "म्हस कोन बगनार?"

त्या वर्षी श्रावणात बाबांची उजवी बाजू गेली. वाडीचा कच्चा रस्ता पावसात वाहून गेलेला. वाडीतल्या माणसांनी आमच्याच ओटीवरची लाकडी खुर्ची बांबूंना बांधली, बाबांना कांबळ्यात गुंडाळून बसवलं आणि तीन तास चालत डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. तिथून जीप. मी दवाखान्याच्या दारात उभा होतो. जीपमधून बाबांना उतरवलं, त्यांच्यामागून चौघे उतरले. पायाला चिखल, खांद्यावर बांबूचे लाल वळ. मी त्यांना ओळखत होतो, म्हणजे चेहऱ्याने. नावं येत नव्हती. मी काय केलं? खिशातून नोट काढून म्हणालो, "चहा घ्या जरा."

त्यातला वयस्कर होता तो म्हणाला, "नको. म्हाताऱ्याला बग." आणि चौघे पोलादपूरच्या गाडीला लागले.

बाबा वाचले. वाचा मात्र गेली. त्यांना मी मालकांच्या खोलीवर आणलं.

आमच्या वरच्या वाड्यांमध्ये एक रीत आहे. डोलीतून नेलेला माणूस जगला, तर पुढच्या पावसाच्या आत त्याच्या घरच्याने खांदा देणाऱ्यांना जेवू घालायचं. आभार मानायचे नाहीत, पाकीट द्यायचं नाही. एकेकाचं नाव घेऊन पानावर बोलवायचं आणि आपल्या हाताने वाढायचं. ते जेवण होईपर्यंत माणूस डोलीतून उतरला असं वाडी धरत नाही. दवाखान्यातून चालत घरी आला तरी तो डोलीतच.

ही रीत मला माहीत नव्हती असं म्हणायची सोय नाही. लहानपणी अशा दोन जेवणांत मी पत्रावळी मांडल्या आहेत.

पण दिवाळीत पेपर तपासायचे होते. मग सहली, मग दहावीची परीक्षा. मे महिन्यात ऊन फार. बायको म्हणायची, "अहो, एक रविवार तर जायचंय." मी म्हणायचो, "जाऊ गं." खरं कारण सांगतो. मला नावं माहीत नव्हती. आणि ज्यांनी आपल्या बापाला खांद्यावरून आणलं त्यांची नावं कोणाला विचारायची म्हणजे, मला माहीत नाहीत हे आधी कबूल करायचं. एवढ्यासाठी मी पहिला उन्हाळा घालवला.

बाबा खाटेवर बसून डावा हात उजव्या खांद्यावर थोपटायचे. पुन्हा पुन्हा. मी समजलो दुखतंय. रोज संध्याकाळी शाळेतून आलो की तेल गरम करून खांदा चोळायचो. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, "बघा, मास्तर बापाची कशी सेवा करतात." मलाही ते आवडायचं. बाबा माझ्याकडे बघत राहायचे आणि तेलकट खांदा पुन्हा थोपटायचे.

एकदा मालक दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "मास्तर, त्यो खांदा दुकत नाय. ते इचारतायत."

"काय विचारतात?"

"कोन कोन होते, त्ये."

बाबांचा हात थांबला. मालकांकडे बघून त्यांनी मान हलवली. डोळे भरले त्यांचे. मी तेलाची वाटी घेऊन तसाच उभा.

"चौघे होते," मी म्हणालो. "वाडीतलेच."

"नावं?"

"सांगतो. जाणारच आहे मी."

त्यांनी चिमटा वाजवला नाही. जिना चढून वर निघून गेले.

पुढच्याच महिन्यात गावातल्या एका वाचनालयाने त्याच कादंबरीवर चर्चा ठेवली आणि मुख्य वक्ता म्हणून मला बोलावलं. मी इस्त्रीचा कुर्ता घालून गेलो. पाऊण तास बोललो. घाटातल्या त्या समानतेच्या चर्चेवर तर असा काही रंगलो की पुढच्या रांगेतले एक निवृत्त मामलेदार मान डोलवत होते. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "कोणाला काही विचारायचं असल्यास."

मागच्या रांगेतून मालक उठले. खाकी शर्ट धुऊन आले होते. सवयीने टक टक झालं, तेव्हाच थोडे लोक हसले.

"मास्तर, तुमी बोललात ते झ्याक. माजा एकच सवाल हाय. डोलीची चार मान्सं हायत. बाकीचे चार कुठं हायत? आनि चौघांची तरी नावं काय?"

सभागृहात कुजबुज झाली. त्यांना काय विचारायचंय ते त्या सगळ्या सभागृहात मला एकट्याला कळलं होतं, निदान मला तसं वाटलं. आणि माणूस घाबरला की विनोदी होतो, माझं तरी तसं होतं. मी माईक जवळ घेतला.

"मालक, ही कादंबरी आहे, एस.टी. नाही. इथे सीट मोजत नाहीत."

मोठा हशा झाला. मामलेदार तर खोकेपर्यंत हसले. मीही हसलो.

मालक उभेच होते. एक वाक्य बोलले असते तर मी तिथेच संपलो असतो. 'मास्तर, तुमच्या बापाला कोनी आनला?' एवढंच. सगळं त्यांना माहीत होतं. ते म्हणाले, "बरोबर हाय. माजं चुकलं," आणि खाली बसले. बसताना चिमटा शर्टाच्या खिशात घातला आणि वरचं बटण लावलं. त्यानंतर माझ्यासमोर तो चिमटा त्यांनी कधी काढला नाही, आणि बाकीच्या चौघांचं विचारणंही बंद झालं. बाबांना मात्र रोज दुपारी भेटायला यायचे. दोघे बोलायचे काय देव जाणे, एकाला वाचा नाही आणि दुसरा गप्प. मी आलो की उठून जायचे.

बाबा तीन वर्षं जगले. तीन उन्हाळे. वाडीतली माणसं अंत्यविधीला महाडला आली होती. त्या गर्दीत बाबांना इथवर आणणारेही असणार, पण एकालाही मला नावाने हाक मारता आली नाही. रीतीप्रमाणे म्हणायचं तर माझे बाबा डोलीतूनच गेले.

पुढे चार वर्षं आम्ही त्याच खोलीत राहिलो, मग स्वतःचं घर झालं. मालक गेल्या वर्षी गेले. त्यांची मुलगी पनवेलला असते. खोल्या आवरायला आली तेव्हा एक पिशवी मला देऊन गेली. "बाबांनी तुमच्यासाठी ठेवायला सांगितलं होतं." आत ते पुस्तक, वही आणि चिमटा.

वहीत मी माझं पान काढलं. दोन पानांचं माझं पांडित्य, स्वल्पविरामासकट. कोपरा कोरा. आणि खाली उरलेल्या जागेत मालकांचं तिकिटावर लिहावं तसं बारीक, ठसठशीत अक्षर होतं.

नावं होती. बाबांना घेऊन निघालेल्या माणसांची. मी मोजली. आठ.

दवाखान्यात मी चौघे पाहिले होते. बाकीचे चार डांबरी रस्त्यापर्यंत आले, बाबांना जीपमध्ये बसवलं आणि गुरं सोडायची होती म्हणून पावसात परत चढून गेले. नावांखाली कुठे कुठे खांदा बदलला तेही लिहिलेलं. उंबराखाली. कुंडीच्या पाण्यापाशी. मोठ्या कातळावर खुर्ची टेकवून. ओढ्यात आठही जण एकदम, पाणी कमरेला. म्हणजे मालक स्वतः वर गेले होते, घरोघर बसले होते, विचारलं होतं. शाईवरून दिसत होतं की हे आता आताचं नाही. खाली तारीख होती, बाबा असतानाची.

शेवटी एक ओळ. 'मास्तरांनी इचारलं की द्यायची.'

माझ्या डोक्यावरच्या खोलीत, त्यांच्या फडताळात ती नावं चार वर्षांहून जास्त होती. एक जिना चढून विचारायचं होतं. मी विचारलं नाही.

बायकोला पान दाखवलं. तिने वाचलं, पुन्हा पहिल्या नावापासून वाचलं. मग म्हणाली, "तांदूळ किती घ्यायचे?"

होळीनंतरच्या रविवारी वर गेलो. आता वाडीच्या अंगणापर्यंत डांबर आहे. तीन तासांची वाट माझ्या गाडीने चाळीस मिनिटांत उरकली, वाटेत तो उंबर कोणता ते मला ओळखता आलं नाही. आठांपैकी तिघे गेलेले. दोघे मुंबईला मुलांकडे. उरलेल्या तिघांतला एक अंथरुणावर. दोघांना आमच्या जुन्या ओटीवर बसवलं. मी आठ पत्रावळी मांडल्या आणि वहीतलं पान हातात धरून एकेक नाव घेतलं. जो नव्हता त्याच्या नावाला वाडीतलं कोणीतरी सांगायचं, "तो नाय आता," किंवा "तो ममईला हाय." मग त्याचा मुलगा, सून, कोणी असेल ते येऊन पानावर बसायचं. दोन पानं तशीच राहिली. तीही वाढली. माझा आवाज वर्गात खणखणीत असतो. तिथे पाचव्या नावाला बसला.

दवाखान्यात ज्याने माझी नोट नाकारली होती तो त्या दोघांतला एक. आता पार वाकलेला. सावकाश जेवला. पुन्हा भात मागून घेतला. त्याने मागचं काही उकरून काढलं असतं, दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. हात धुऊन तो भिंतीला टेकला, म्हणाला, "तुजा बापूस लई हलका होता रं. फुलावानी. काय तरास नाय झाला आमाला."

मी मान खाली घातली.

"पन काय रं," तो म्हणाला, "तुजा नाव काय? ल्हानपनीचा इसारलो, आमी आपला मास्तर मास्तर म्हनतो. नाव कदी कुनी इचारलाच नाय."

मी सांगितलं. त्याने ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं, लक्षात राहावं म्हणून. मग पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि माझ्या नावाने मला म्हणाला, जेवून घे.